आधी सही, मग ब्लँकेट

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची पत्रं जास्त निघाली : बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना आणि त्यांचे सामाजिक कार्यक्रम. दिवाळी सरली की संघटनांच्या बैठकांना जोर येतो, नवी कार्यकारिणी बसते, तिला काहीतरी चांगलं करायचं असतं. मी नाशकात ३४ वर्षं ठेकेदारी केली. त्यातली ६ वर्षं आमच्या संघटनेच्या सामाजिक समितीचं काम माझ्याकडे होतं. उत्तरं त्याच अनुभवातून देतो आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या ठेकेदार संघटनेचा मी यंदा सचिव झालो. ६२ सभासद आहेत. दरवर्षी डिसेंबरात आम्ही कामगारांना ब्लँकेट वाटतो. यंदा दीड लाख रुपये जमलेत. काही जण म्हणतात ब्लँकेटच द्या, काही म्हणतात वृद्धाश्रमाला द्या. तुम्ही असता तर काय केलं असतं?
— एक सचिव, सिन्नर

उत्तर : सचिवसाहेब, ब्लँकेट वाईट नाही. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो त्या रात्री पत्र्याच्या खोलीत काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. पत्र्याला आतून दव सुटतं आणि पहाटे ते अंगावर ठिबकतं. तेव्हा ब्लँकेट जरूर द्या. पण ते दुसरं काम. पहिलं काम कोणतं, ते मला एका गवंड्याने शिकवलं.

तो सुरगाण्याकडचा. पाथर्डी फाट्याजवळच्या माझ्या साइटवर सात महिने होता. हात इतका साफ की त्याने केलेल्या गिलाव्यावर दुसऱ्याची थापी मी फिरवू देत नसे. आमचा ब्लँकेट वाटपाचा कार्यक्रम होता. पाहुणे आले, हार झाले, नावं पुकारली. त्याचं नाव आलं तेव्हा तो पुढे आला, ब्लँकेट डाव्या बगलेत धरलं आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेला एक कागद काढला. म्हणाला, "शेठ, ब्लँकेट राहू द्या एक वेळ. यावर सही द्या." तो ९० दिवस काम केल्याच्या दाखल्याचा नमुना होता. त्याची बायको पोटुशी होती, आठवा महिना लागला होता. मी म्हणालो, "बघू, ऑफिसात ये." ऑफिसात आला तेव्हाही मी बघू म्हणालो. आम्हा ठेकेदारांत तेव्हा एक समज पक्का होता की सही दिली की माणूस कायमचा गळ्यात पडतो. होळीला तो गावी गेला आणि माझ्या साइटवर परत आला नाही. त्या कागदाची किंमत मला पुढे कळली. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगाराच्या घरी नैसर्गिक प्रसूती झाली तर कल्याणकारी मंडळाकडून १५ हजार रुपये मिळतात, शस्त्रक्रिया करावी लागली तर २० हजार. आमचं ब्लँकेट तीनशे ऐंशीचं होतं.

ही व्यवस्था काय आहे, ते सभासदांना एकदा नीट सांगा. कारण अर्ध्यांना ती माहीत नसते आणि उरलेल्यांना फक्त उपकर माहीत असतो. १९९६ साली केंद्राने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला, सोबत उपकराचाही केला. बांधकाम खर्चाच्या १ टक्का रक्कम आपण नकाशा मंजुरीच्या वेळी भरतो. महाराष्ट्रात ती इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जाते. हे मंडळ २०११ साली स्थापन झालं. म्हणजे पैसा आपण आधीच दिलेला आहे, कामगाराच्या नावाने दिलेला आहे. तो त्याच्या घरापर्यंत पोचायचा तर तो नोंदलेला हवा. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. आता जुने कायदे नव्या श्रम संहितांमध्ये गेले, तरी ९० दिवसांची अट तीच आहे. हा दाखला ठेकेदार देऊ शकतो. नाक्यावर रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याला गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचा अधिकारी देऊ शकतो, पण तिथे खेटे घालायचे म्हणजे रोज बुडतो. ज्याच्या मस्टरवर हजेरी आहे त्याने सही करावी, हे सगळ्यात सोपं. दाखल्यात एवढंच लिहिलेलं असतं की या माणसाने या काळात इतके दिवस काम केलं. जे खरं आहे ते लिहून द्यायला घाबरायचं कशाला?

तेव्हा तुमच्या दीड लाखातून पहिलं सह्यांचं शिबिर घ्या. आम्ही ते कसं केलं ते सांगतो. आमच्याकडे पगार मंगळवारी संध्याकाळी व्हायचा, कारण बुधवारी गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदाकाठचा, आठवडे बाजार. त्या दिवशी माणूस साइटवर असतो, घाईत नसतो, आणि हजेरीची वही समोर उघडी असते. दोन टेबलं मांडली. एका टेबलावर तीन ठेकेदार शिक्का आणि मस्टर घेऊन बसले. दुसऱ्यावर अर्ज भरणारी दोन मुलं, एक लॅपटॉप, भाड्याने आणलेलं झेरॉक्स मशीन आणि पासपोर्ट फोटो काढणारा. पहिल्या संध्याकाळी ४१ अर्ज पूर्ण झाले, १७ अडकले. अडकले ते कशाने? आधारवर एक नाव आणि बँकेच्या पासबुकात दुसरं. किंवा आधारला जोडलेला मोबाइल नंबर जुना, तो फोन कधीच हरवलेला, मग ओटीपी येणार कुठे? म्हणून पुढच्या वेळी आधी आठवडाभर सुपरवायझरला घरोघर, म्हणजे खोलीखोलीतून फिरवला आणि कागद तपासून घेतले. आधारचं काम आधी, शिबिर नंतर. हे लक्षात ठेवलंत तर तुमचे निम्मे हेलपाटे वाचतील.

दोन गोष्टी कडकपणे पाळा. जो कामावर नव्हता त्याच्यासाठी सही नाही, मग तो कोणाचाही भाचा असो. आणि अर्ज भरून देतो म्हणून कामगाराकडून पैसे घेणारा एजंट शिबिराच्या आसपास फिरकू देऊ नका. नोंदणीचं शुल्क नाममात्र आहे, एजंटचं नाही.

नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते, त्यामुळे हा एका वर्षाचा कार्यक्रम नव्हे. पहिल्या वर्षी जमलं तर पहिली ते सातवीच्या मुलांना मंडळाकडून वर्षाला अडीच हजार, आठवी ते दहावीला पाच हजार मिळतात, त्याचे अर्ज दुसऱ्या वर्षी शाळा सुरू होताच भरून द्या. आणि कामावर असताना माणूस गेला तर वारसाला ५ लाख मिळतात. हे वाक्य सभेत मोठ्याने वाचा.

शिबिराला चाळीस-पन्नास हजारांच्या वर खर्च येत नाही. उरलेल्याचे ब्लँकेट घ्या, जाड घ्या, आणि खोलीवर नेऊन द्या. व्यासपीठावर बोलावू नका.

प्रश्न : आमची संघटना दर २६ जानेवारीला रक्तदान शिबिर घेते. मागच्या वर्षी ८५ पिशव्या झाल्या. यंदा शंभरी गाठायची आहे, म्हणून प्रत्येक रक्तदात्याला भेटवस्तू द्यावी आणि साइटवरच्या कामगारांनाही आणावं असा विचार आहे. योग्य आहे ना?
— कार्यकारिणी सदस्य, अहिल्यानगर

उत्तर : तुमची तळमळ कळते, पण दोन्ही विचार सोडून द्या असं मी हात जोडून सांगेन. कारण आम्ही दोन्ही करून बसलो आहोत.

आम्ही एका वर्षी पाच लिटरचा कुकर ठेवला होता. सकाळी नऊलाच साइटवरच्या बिगाऱ्यांची रांग लागली. तपासणीच्या टेबलावर एक पंचविशीचा मुलगा आला, पेठकडचा. बोटाला सुई टोचली, हिमोग्लोबिन निघालं ९.२. रक्तदानाला किमान १२.५ लागतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की तुझ्याच अंगात रक्त कमी आहे, तू देऊ शकत नाहीस. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "मग कुकर नाही का मिळायचा?" मागे त्याची बायको उभी होती, तिचं वजन ४५ किलोही भरलं नाही. त्या दिवशी रांगेतल्या किती जणांना परत पाठवलं ते मी मोजलं नाही. मला मोजवलं नाही. रक्त विकत घेण्यावर या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. कुकर हा पैसाच आहे, फक्त त्याला झाकण आणि शिट्टी असते. गरजू माणूस वस्तूसाठी आजार लपवतो, मागच्या रक्तदानाची तारीख लपवतो, आणि तेच रक्त पुढे कुणाच्यातरी नसेत जातं.

तेव्हा भेटवस्तू नको. चहा, बिस्कीट, प्रमाणपत्र, आणि दाता दहा मिनिटं आडवा पडू शकेल अशी सावली, बस. कामगारांपैकी कुणाला मनापासून द्यायचं असेल आणि तो तपासणीत बसत असेल तर जरूर घ्या, पण त्या दिवशी त्याला भरपगारी सुट्टी. रक्त देऊन आलेला माणूस परांचीवर चढवायचा नाही. चक्कर आली तर खाली जाळी आहे का, हा विचार तेव्हा उपयोगाचा नसतो.

शंभरीचंही सांगतो. रक्त साठवून ठेवता येतं ते ३५ दिवस, विशेष द्रावणात फार तर ४२. प्लेटलेट तर पाचच दिवस. २६ जानेवारीला प्रत्येक चौकात शिबिर असतं. रक्तपेढ्यांना ओढ पडते ती मे महिन्यात, कॉलेजं बंद, लोक गावी, उन्हाने माणूस घराबाहेर पडत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ४० पिशव्या दिल्यात तर त्या जानेवारीतल्या शंभरापेक्षा जास्त कामाला येतील. रक्तपेढीला आधी फोन करून विचारा, तुम्हाला कधी हवं आहे? आमच्या पेढीच्या तंत्रज्ञाने सांगितलं होतं की असं विचारणारे तुम्ही पहिलेच.

आणि तो ९.२ वाला मुलगा. पुढच्या वर्षी आम्ही रक्तदानाच्या आधी महिनाभर सात साइटवर नुसती हिमोग्लोबिन तपासणी घेतली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी परत तपासलं. सोबत छातीचीही तपासणी ठेवा. फरशी कापणारे, दगड फोडणारे, कोरड्या भिंतीला ग्राइंडर लावणारे, यांच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ बसते. त्या आजाराला इलाज नाही, फक्त तो टाळता येतो : कापताना पाण्याची धार आणि चांगला मास्क. पाण्याच्या धारेला खर्च असा काही नाहीच.

प्रश्न : काका, मी आर्किटेक्ट आहे आणि बिल्डर संघटनेच्या महिला शाखेत काम करते. साइटवरच्या मुलांना आम्ही दप्तरं आणि खाऊ वाटतो. पण पुढच्या वेळी गेलं की ती मुलं तिथे नसतात, दप्तरंही नसतात. काय चुकतंय आमचं?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : ताई, तुम्ही परत गेलात, म्हणूनच तुम्हाला हे दिसलं. फार थोडे परत जातात.

मुलं जातात, कारण काम संपलं की आईबाप पुढच्या साइटवर जातात. पेठ-सुरगाण्याची मंडळी भात लावणीला गावी जातात, बिहार-बंगालची छटला किंवा होळीला. दप्तर त्या गाठोड्यात बसत नाही. त्यामुळे वस्तूपेक्षा जागा आणि माणूस द्या.

मी एका तळघरात पाहिलेलं सांगतो. दोन लोखंडी प्रॉपच्या, म्हणजे स्लॅबला खालून लावलेल्या टेकूंच्या, मधे जुन्या साडीची झोळी बांधलेली, आत सहा-सात महिन्यांचं बाळ. झोका द्यायला चार वर्षांची बहीण. वर स्लॅबला व्हायब्रेटर सुरू होता. प्रॉप किंचित थरथरत होते आणि झोळीही त्या लयीत हलत होती. त्या पोरीला वाटत होतं बाळ आपल्या झोक्याने झोपलंय. मी इंजिनिअर नव्हे, पण कोणत्या प्रॉपवर किती भार असतो ते मला कळतं. मी काम थांबवून आधी त्या दोघांना बाहेर आणलं.

आपल्या देशात हे काम एका बाईने उभं केलं. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम सुरू होतं. तिथे मीरा महादेवन यांनी मजुरांची मुलं धुळीत पडलेली पाहिली आणि तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. मोबाइल क्रेशेस ही संस्था ती हीच. मुंबईत ते काम १९७२ मध्ये आलं, मग पुण्यातही रुजलं. पाळणाघर साइटबरोबर चालतं, साइट संपली की उठून पुढे जातं, ही त्यातली खरी युक्ती. मूल हलतं तर पाळणाघरानेही हलावं.

१९९६ च्या कायद्यात ५० हून जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडच्या मध्यम साइटवर बायका असतात बारा-पंधरा. म्हणजे त्या कायद्यात बसत नव्हतं म्हणून मूल झोळीत. इथेच तुमच्या संघटनेची खरी गरज आहे. एकमेकींपासून चालत जाता येईल अशा चार-पाच साइट निवडा आणि त्यांचं मिळून एकच पाळणाघर करा. बिल्डरने एक पक्की खोली द्यायची, तळमजल्यावर, पाणी, दिवा, पंखा आणि जवळ संडास. संघटनेने दोन ताईंचा पगार, दूध आणि खिचडी पाहायची. वेळ आईच्या कामाच्या वेळेची हवी, साडेआठ ते सहा. चारला बंद होणारं पाळणाघर असून नसल्यासारखं. आणि दुपारी आईला अंगावर पाजायला पंधरा मिनिटं यायला मिळालं पाहिजे, हे मुकादमाला लेखी द्या, नाहीतर तो सोडणार नाही.

सहा वर्षांवरच्या मुलांना शाळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या मधेही प्रवेश द्यावा लागतो, जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापकांना सांगायला तुम्ही स्वतः सोबत जा, आईला एकटीला पाठवू नका. अडतं ते रस्त्यात : शाळा दोन किलोमीटरवर, मधे हायवे. आम्ही एका रिक्षावाल्याला महिन्याच्या बोलीवर लावला. नऊ मुलं, सकाळी नेणं, दुपारी आणणं. दप्तरांच्या पैशांत तेवढं सहज होतं. ते कुटुंब गाव सोडून जाताना शाळेतून दाखला काढून आईच्या हातात द्या. पुढच्या गावी तोच उपयोगी पडतो, दप्तर नाही.

प्रश्न : आमच्या संघटनेत स्नेहसंमेलन, क्रिकेट स्पर्धा आणि मदतनिधी यांचा सगळा पैसा एकाच खात्यात आहे. हिशोबात गोंधळ होतो. शिवाय देणगीदार ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतात.
— खजिनदार, धुळे

उत्तर : खातं आजच्या आज वेगळं करा. संमेलनाच्या जेवणाचा आणि मदतीचा रुपया एका डब्यात असला की उद्या कोणीही बोट दाखवेल, आणि तुम्ही प्रामाणिक असूनही सांगता येणार नाही. वेगळं पावतीपुस्तक, वेगळं खातं, दोन सह्या.

८०जी ची पावती फक्त आयकर खात्याकडे त्यासाठी नोंद असलेल्या संस्थेला देता येते. नुसती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी असून भागत नाही. नोंदणी नसेल तर 'मिळेल' असं कुणाला सांगू नका. असेल तरी २ हजारांच्या वर रोख घेतलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, वस्तूरूपाने दिलेल्यावरही नाही. म्हणजे सिमेंटच्या गोण्या किंवा ब्लँकेट दिले तर आभारपत्र द्या, ८०जी नव्हे. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदाराला ही सवलत नसतेच, हेही त्याला आधीच सांगा. वर्षाचा ताळेबंद धर्मादाय कार्यालयात वेळेवर भरा. संमेलनात तो फलकावर लावला तर आणखी बरं.

प्रश्न : १५ सप्टेंबरला अभियंता दिन, १७ ला विश्वकर्मा पूजा. आम्ही दोन्ही करतो, पण कामगार येत नाहीत. काय करावं?
— एक तरुण सभासद, नाशिक

उत्तर : ज्यांच्या जयंतीला अभियंता दिन असतो त्या सर विश्वेश्वरय्यांची नोकरी १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात आपल्याच नाशकात सुरू झाली, हे पहिल्यांदा सांग सगळ्यांना. नाशिककरांनी हा दिवस मनापासून करावा असं मला फार वाटतं. पण तो इंजिनिअरांचा दिवस आहे, तिथे सेंट्रिंगवाला येऊन काय करील? १७ सप्टेंबर उत्तरेकडच्या कारागिरांचा, तो साइटवरच आणि त्यांच्या हाताने होऊ दे. प्रसादाला ते सांगतील तेच कर. आपल्या मराठी गवंड्याची हत्यारं पुजली जातात ती खंडेनवमीला. त्या सकाळी थापी, ओळंबा, रंधा, पान्हे धुऊन मांडलेले असतात, झेंडूची फुलं वाहिलेली असतात. तिथे तू जा. तुमच्या हॉलवर त्यांना बोलावण्यापेक्षा ते बरं. जाताना प्रत्येकासाठी चांगलं हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट ने, पण तो दान म्हणून नव्हे. तो द्यायचाच असतो.

प्रश्न : माझे वडील सेंट्रिंगचं काम करतात. श्रावणात दुसऱ्या मजल्यावरून पडले, कमरेचं हाड मोडलं, अजून उठता येत नाही. ठेकेदारांच्या संघटनेने एका कार्यक्रमात आईला ११ हजारांचा चेक दिला, फोटो काढला. आता मालकाचा माणूस एका कागदावर वडिलांची सही मागतो, त्यात 'मदत मिळाली, आता काही मागणं नाही' असं लिहिलंय. आई म्हणते सही करू, नाहीतर पुढे काम देणार नाहीत. मी बारावीला आहे. काय करू?
— एक मुलगी, नाशिक जिल्हा

उत्तर : पोरी, पहिलं म्हणजे बाबांना सही करू देऊ नकोस. तो माणूस परत आला तर त्याला सांग, वकिलांना दाखवून मग बघू, आणि कागदाची एक प्रत माग. नाही दिली तर मोबाइलवर फोटो काढ.

११ हजार ही मदत होती. ती दिली ते बरं झालं, आईने घेतली त्यात काही कमीपणा नाही. पण कामावर झालेल्या अपघाताची भरपाई वेगळी. ती कुणाच्या दयेवर नसते. १९२३ पासून तिचा कायदा या देशात आहे. रक्कम ठरते पगारावर, वयावर आणि डॉक्टरांनी किती टक्के अपंगत्व लिहून दिलं त्यावर. मदत घेतली म्हणून ती भरपाई बुडत नाही. 'हक्क सोडला' असं लिहून घेतलं तरी कायदा असा करार मानत नाही. तरीही सही नको, कारण ती नसली तर भांडण निम्मं होतं. बाबा छोट्या ठेकेदाराकडे होते आणि तो हात वर करत असेल, तर ज्याने त्याला काम दिलं त्याच्याकडेही मागता येतं. बहुतेक मोठ्या साइटवर कामगारांच्या अपघाताचा विमा उतरवलेला असतो. म्हणजे पैसे विमा कंपनी देणार असते आणि मालक तो दावा लावायचा कंटाळा करतो. हे मी ठेकेदार म्हणून सांगतोय, मला आतलं माहीत आहे.

कुठे जायचं? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे वकील फुकट मिळतो, आई गेली तर बाई म्हणून तिला तो हक्कच आहे. फोन करायचा तर १५१००. आणि सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अपघाताची लेखी तक्रार दे, पोच घे. दावा लावायला मुदत असते, म्हणून बाबा बरे झाल्यावर पाहू असं करू नका. बाबांची मंडळाकडे नोंदणी झालेली असेल तर तिथलाही अर्ज वेगळा करायचा. नसेल तर मला कळव, त्याचं मी बघतो.

पुढे काम मिळणार नाही या आईच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. असं करणारे आमच्यात आहेत. पण चांगला सेंट्रिंगवाला मिळत नाही म्हणून अडलेल्या साइट मी रोज पाहतो.

ज्या संघटनेने चेक दिला तिच्या अध्यक्षांना तुझ्या वतीने मी पत्र लिहिलं आहे. तुमच्या सभासदाला विम्याचा दावा लावायला सांगा आणि तो कागद मागे घ्या, एवढंच त्यात आहे. तुझं किंवा गावाचं नाव मी लिहिलेलं नाही. तू हो म्हणालीस की मगच पाठवीन.

तोवर कागद गोळा कर. दवाखान्याचं पहिलं कार्ड, ज्यावर 'उंचावरून पडून' असं लिहिलं असेल, एक्स-रे, औषधांच्या पावत्या, त्या महिन्यातले पगाराचे जमा झालेले मेसेज. मुकादमाच्या वहीत बाबांच्या हजेरीचं पान असेल, कोणी ओळखीचं असेल तर त्याचा फोटो मिळव. आणि आज रात्रीच बाबांना विचार, पडले तेव्हा स्लॅबवर शेजारी कोण होतं. त्याचं पूर्ण नाव, गाव आणि नंबर लिहून घे. तो होळीला गावी गेला तर पुन्हा याच साइटवर येईल असं नसतं.